दोन हिसके

तापीकाठच्या गावांनी मिळून बुडीसंघ काढला होता. उद्या देशभरच्या पाणबुड्यांचा संघ निघाला, तर त्यात आपली माणसं आधी पोहोचली पाहिजेत, हे अध्यक्ष शांतीलालभाईंचं स्वप्न. त्यांनी स्वतः जन्मात घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं. पण अध्यक्षाला पोहता यावंच, असं कुठे आहे?

खेळ सोपा होता. डोहात पितळी गडू टाकायचा. बुड्याने कमरेला मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, बांधून तो गडू तळातून काढायचा. नाड्याला दोन हिसके बसले की काठावरच्याने ओढायचं, ही विहिरीत उतरणाऱ्यांची जुनी रीत. मात्र ओढलं की डाव गेला, हा संघाचा नियम.

रतिलालच्या गावाचा बुड्या नजीर पिंजारी, आणि नाडा रतिलालच्या हातात. गेल्या वर्षी शेजारच्या कोरीट गावाशी चुरस लागली असताना दोन हिसके बसले. रतिलालला ते स्वच्छ कळले. पण जरा दम धरेल, असं म्हणत त्याने मूठ आवळली आणि नाडा ओढलाच नाही. नजीर कसाबसा वर आला, तेव्हा रतिलालने हात देऊन त्याला काठावर घेतलं. हातात गडू, कानातून रक्त. गाव जिंकलं. मिरवणुकीत नाडेवाल्याच्याही गळ्यात हार पडला.

नजीरचा डावा कान गेला तो गेलाच. आपलाच हात लुळा पडला असेल, हिसका वर पोहोचला नसेल, अशी त्याने समजूत करून घेतली. ईदला त्याची बायको अमिना शिरखुर्मा घेऊन आली. "तुम्ही व्हतात म्हनीसन मन्हं घर उभं शे," म्हणाली. रतिलालने वाटी तशीच बाजूला ठेवली. आपण हलकट आहोत, असं त्याला रोज वाटे. पण सांगायला गेला की भलतंच काही बोलून परत येई.

यंदा नजीर पुन्हा निघाला. दुसराही कान गेला तर कापूस पिंजताना पिंजणाची तार कशाने ऐकशील, असं लोकांनी बजावलं. तो हसला.

"नाडा रतिलालभाऊना हातमा शे. माले काय भेव?"

त्याने बुडी मारली. नाडा सरसर सुटत गेला आणि थांबला. काठावर आरडाओरडा चालला होता. रतिलालला गेल्या वर्षीचे दोन हिसके आठवले. हिसका बसलेला नाही, हे त्याला कळत होतं. तरी तो जीव खाऊन ओढू लागला.

नजीर रिकाम्या हाताने वर आला. कोरीटवाले नाचायला लागले. शांतीलालभाईही रतिलालच्याच गावचे; त्यांनी कपाळाला हात लावला.

"कसाले वढं रे माले?" नजीर धापा टाकत ओरडला. "गडू हातमा येनारच व्हता! मी हिसका दिन्हाच नई!"

"दिन्हा व्हता," रतिलाल खाली बघत पुटपुटला. "मांगला साले. तव्हय मी वढं नई."

नजीर त्याच्याजवळ सरकला. मग हळूच मान वळवून त्याने चांगला कान पुढे केला.

"परत सांग," तो म्हणाला.

काठावरचे सगळे आता ऐकत होते. रतिलालला तेच पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने.