अळणी कढीचा खटला

भाऊराव भिलाईतल्या नेहरू नगरच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि बोलायला उभे राहिले की कोणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. गणपतीतल्या वादविवादाचा विषय होता, देशाच्या नेत्यांवर पदावर असताना फौजदारी खटला चालावा का. दुर्ग लाइनीवर रेल्वेचा गार्ड म्हणून जन्म काढलेल्या या माणसानं सांगून टाकलं, "चालत्या गाडीतून ड्रायव्हरले उतरवून जबाब घेतेत का? गाडी ठेसनात लागू द्या, मंग घ्या." टाळ्याच टाळ्या. विरुद्ध बाजूला नात वैभवी होती. "अन् ड्रायव्हर उतरलाच नाही तर, आजोबा?" तिनं विचारलं, पण ते टाळ्यांतच बुडालं.

जिंकल्याच्या खुशीत भाऊराव स्वयंपाकाकडे वळले. तिथं कोणी नव्हतं, आणि कढीचा वास असा की ब्रह्मदेवाला धीर धरवला नसता. नैवेद्याआधी चाखायचं नाही, चाखेल त्यानं मोठा गंज, म्हणजे कढीचं पातेलं, घासायचा, हा नियम खुद्द त्यांनीच केलेला. तरी त्यांनी पळीतली थोडी कढी तळहातावर घेतलीच.

कढी साफ अळणी होती.

आता आली का पंचाईत! यंदा पहिल्यांदाच त्यांच्या बायकोच्या, कांताबाईंच्या हाती अख्ख्या मंडळाचा स्वयंपाक, आठवडाभर बिचारीचा डोळा लागला नव्हता. पानात अळणी कढी पडली की वर्षभर टोमणे. सांगावं, तर कसं कळलं तेही सांगावं लागणार.

कांताबाई वैभवीला घेऊन आत आल्या, तसे ते हळूच म्हणाले, "कढीत मीठ राहिलं वाटते."

"तुमाले कसं मालूम?"

वैभवी सगळं समजली. "चुप राहा, आजोबा. तुम्ही पदावर आहात, तुमच्यावर खटला चालत नाही."

भाऊरावांनी बायकोकडे पाहिलं. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. त्यांनी छातीवरचा अध्यक्षाचा बिल्ला काढून नातीच्या हातात दिला. "गाडी ठेसनात लागली, बाई. मीच चाखली. चालव खटला."

नैवेद्याला वाटीभर नवी कढी झाली, गंजात मीठ पडलं, आणि पंगत अशी जेवली की वाढणाऱ्यांचे हात दुखले.

मग भाऊराव पँट दुमडून नळापाशी बसले. बघायला सगळं मंडळ जमलं, बिल्ला वैभवीच्या ओढणीवर. कांताबाईंनी हसू दाबत विचारलं, "लई घासावं लागून राहिलं का?"

भाऊरावांनी गंज तिच्यापुढे आडवा केला. "काय घासू? लोकायनं बोटानं पुसून खाल्ली तुझी कढी."