मुखवट्याला विचारलंय

मी मुखवटा बोलतोय. घाबरू नका, माझी शिंगं थर्माकोलची आहेत.

माझा जन्म एका गॅरेजात झाला. कागदाचा लगदा, डिंक, वरून गोणपाट. "उद्या शूटिंग आहे, चालवून घे रे बाबा," असं म्हणत कारागिराने मला घाईत उरकलं. म्हणून माझा डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा. पुढे म्हातारे यालाच 'पूर्वजांची नजर' म्हणू लागले!

एक टीव्ही मालिका होती. गुपित राखणारं गाव, रानातला देव, बाहेरच्यांचे बळी, गाव सोडणारा कधी परत येत नाही, असा सगळा भयंकर मामला. चित्रीकरण खऱ्या गावात झालं. तिथले म्हातारे गर्दीत उभे राहिले आणि गिरणीवाल्या आजोबांना पुजाऱ्याचं काम मिळालं. दिग्दर्शिकेने जागच्या जागी एक रीत रचली. मुखवटा घालून कुणी निघालं की सगळ्यांनी पाठ फिरवायची, तो वेशीबाहेर जाईपर्यंत वळायचं नाही. कारण काय, तर "तोंडं दिसली की फिदीफिदी हसता तुम्ही लोक!"

मालिका मध्येच बंद पडली. मंडळी गेली, मी राहिलो. एरवी या म्हाताऱ्यांना घरात कुणी विचारत नव्हतं. आता त्यांनी मला गिरणीच्या भिंतीवर टांगलं, पाठ फिरवायची रीतही खरी मानून पाळली, आणि पोरांनी काय करायचं ते तेच ठरवायला लागले. कुणी तोंड उघडलं की उत्तर तयार, "मुखवट्याला विचारलंय."

मला कुणी कधीच काही विचारलं नाही.

कहर म्हणजे आजोबांचा स्वतःचाच विश्वास बसला. माझा रंग ओला असताना ज्याने बोट लावून पाहिलं, तोच माणूस मला हात जोडायला लागला. तेच खोटं वर्षानुवर्षं बोललं की म्हातारे त्याला अनुभव म्हणतात.

मग आजोबांच्या नातीला शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला.

"मुखवटा नको म्हणतोय," आजोबा म्हणाले.

"त्याच्या तोंडाला भोक तरी आहे का?"

"जीभ आवर. बाहेर गेलेले परत येत नाहीत."

"मालिकेत येत नाहीत, आजोबा. मालिकेत!"

"मोठ्यांशी वाद घालतेस?"

"कागदाच्या लगद्याशी घालतेय."

निघायच्या सकाळी सगळे म्हातारे वाट अडवून उभे राहिले. तिच्या आईने मला खिळ्यावरून काढलं, लेकीच्या तोंडावर बांधलं आणि म्हणाली, "शिंगं सांभाळ गं."

आम्ही निघालो. एकेक पाठ फिरली. आजोबा तेवढे आमच्याकडे तोंड करून उभे. त्यांनी नातीच्या चपला ओळखल्या, शंभर टक्के. घसा खाकरला, आणि वळले. श्रद्धेने की लाजेने, देव जाणे. मला मागे डोळे नाहीत.

ती बसमध्ये चढली तेव्हा माझ्या आत घामाने निथळत होती, आणि हसत होती.

आता मी हॉस्टेलच्या खोलीत आहे. एक शिंग मोडलंय, दुसऱ्यावर टॉवेल वाळतो. काल आजोबांचा फोन आला.

"मुखवटा पाठव. इथं कुणी ऐकत नाही."

"मग जे सांगायचंय ते तुमच्या तोंडाने सांगा ना."

पलीकडे गिरणी घरघरत होती. आजोबांनी ती बंद केली.

"...जेवलीस का?"

बघा, जमलं की नाही माझ्याशिवाय? तुमच्याही घरातल्या मोठ्यांना सांगा, आम्हा मुखवट्यांच्या आडून बोलू नका. आणि कुणीतरी हा ओला टॉवेल काढा हो, माझा लगदा होतोय.