खिडकीखालची गल्ली

रस्त्याचं चित्र काढणं म्हणजे डोक्याला ताप. झाड कसं, उभं राहतं बिचारं. रस्ता क्षणभर गप्प बसेल तर शपथ! फुलवालीच्या दुकानाची सावली रंगवायला घ्यावी, तर नेमका तेव्हाच एक टेम्पो पुढ्यात ठाण मांडतो. तो हलेपर्यंत सावली भलतीकडेच गेलेली असते. शिवाय येणारा-जाणारा मागे थांबून सल्ला देणार, "ताई, विजेची तार राहिली की!"

एरवी असलं काम मी अंगाला लावून घेत नाही. पण आईने मागितलं होतं. दादा तिला कायमचं त्याच्याकडे नेणार होता. तिची नजर अधू होत चालली होती. समोरचं धूसर, कडेने थोडंफार दिसायचं. खिडकीपाशी शिवणयंत्रावर तिने इथे उभा जन्म काढला होता. "जाताना गल्ली बरोबर हवी," ती म्हणाली. "मला दिसतंय तोवर काढ."

म्हणून मी फुटपाथवर स्टँड मांडून, घाम गाळून एकूण एक पाटी, गज आणि ती तारसुद्धा काढली. चित्र वर नेलं. आईने मान तिरकी करून ते बराच वेळ पाहिलं.

"सुरेख आहे," ती म्हणाली. "कुठली गं ही गल्ली?"

उशीर झाला, असंच मला वाटलं. मग रागही आला, टेम्पोवाल्याचा. कुणाचा तरी यायलाच हवा होता. मी धपकन तिच्या खुर्चीत बसले, बाहेर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. इथून पाट्या दिसतच नव्हत्या. दिसत होती दुकानांची छपरं आणि माणसांची डोकी. आईने आयुष्यभर गल्ली वरून पाहिली होती आणि मी ती खालून काढली होती.

मग तिथेच बसून नवा कागद घेतला आणि सगळ्यात जाड ब्रश. तारा नाहीत, गज नाहीत, नुसते रंगांचे मोठे डाग. टेम्पोचं छतही आलं. राहू दे म्हटलं मेल्याला.

रंग पुरता वाळायच्या आत आईने कागद ओढून घेतला. "ही फुलवालीची ताडपत्री. हे टक्कल न्हाव्याचं," ती हसली. "जगाचे केस कापतो आणि स्वतः बघा!" मग तिचं बोट दिव्याच्या खांबापाशी थांबलं. "आणि ही तू."

तिथे मी काहीच काढलं नव्हतं. तेवढा कागद रंगवायचा राहिला होता.

"मी कशावरून?"

"न्हावी सोडला तर बाकी सगळ्यांची काळी डोकीच दिसतात. इथे चेहरा आहे. शाळेतून आलीस की खांबापाशी थांबून वर बघायचीस, मी आहे का म्हणून. एवढ्या गल्लीत वर बघणारी तू एकटीच."

त्या जागेसाठी राखाडी रंग कालवून ठेवला होता. तो मी ओतून टाकला आणि तिच्या गुडघ्याला टेकून बसले.