मागची पानं

सकाळची प्रार्थना वाचून होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. प्रार्थना कॉम्प्युटरवर असते, आणि रोज शोधाशोध नको म्हणून मी त्याला सांगून ठेवलं होतं, मागच्या वेळी जे उघडं होतं तेच पुन्हा उघड. त्या दिवशी मी पुढ्यात बसणार, तेवढ्यात घरचे जावई, वन्संचे यजमान, आले.

"वहिनी, दोनच मिनिटं. तिकिटं छापतो. दुपारची गाडी आहे."

म्हणजे माहेरी आलेल्या वन्संना घेऊनच जाणार. न कळवता काल संध्याकाळी आले आणि येताक्षणी वन्संचा फोन स्वतःच्या खिशात घातला.

मी खुर्ची सोडली. ते हसले. "मौन का? छान! या घरात एक तरी बाई उलटून बोलत नाही."

त्यांनी बटण दाबलं आणि मला एकदम आठवलं. काल दुपारी याच कॉम्प्युटरवर वन्संनी वकील शोधला होता, भाड्याच्या खोल्या पाहिल्या होत्या. "यांच्या तोंडावर सांगायची हिंमत नाही हो. हात धरून ओढत नेतील. वकिलाकडूनच कळू दे," म्हणाल्या होत्या. मग कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून उठल्या. त्यांना वाटलं, मिटलं म्हणजे गेलं. माझी सोय त्यांना ठाऊकच नव्हती, आणि सांगायचं मला सुचलं नाही.

पडद्यावर माझी प्रार्थना आली. तिच्या शेजारी एकेक पान डोकावू लागलं. जावई खिशात चष्मा शोधत होते. टेबलाखाली माझा पाय वायरपाशी गेला. मी ती पायानेच ओढली.

पडदा काळा झाला.

"लाईट गेली? पंखा तर फिरतोय." ते वाकले. "वहिनी, पाय लागला तुमचा." त्यांनी वायर पुन्हा बसवली, बटण दाबलं. मी दाराकडे पाहिलं. वन्संच उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक.

या वेळी मात्र पानं आपणहून उघडली नाहीत. असं मध्येच बंद पडलं की कॉम्प्युटर आधी विचारतो. कोपऱ्यात छोटी चौकट आली: मागची पानं परत आणायची का?

"तुमची प्रार्थना असेल. आणतो की." त्यांचा हात माउसवर गेला.

"थांबा!"

आवाज माझाच होता. इतक्या वर्षांत त्या वेळेला माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

जावयांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "असं काय आहे त्यात?"

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. "वहिनी, तुम्ही बोललात?" त्या पुटपुटल्या. मग आत आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या हाताखालून माउस काढून घेतला.

"त्यात माझी पानं आहेत. आणायची की नाही, ते मी ठरवणार."

'नको' म्हणायची सोय समोरच होती. माझे डोळे तिथेच खिळले होते. वन्संनी 'परत आणा' दाबलं.

जावई वाचत गेले. वकील. खोली. आणखी एक खोली. त्यांच्या मानेची शीर टरारून वर आली. "अगं, हे काय आहे?"

स्वयंपाकघरातून आमचे हे बाहेर आले आणि बहिणीच्या मागे येऊन उभे राहिले. वन्संनी नवऱ्यापुढे हात पसरला.

"माझा फोन द्या," त्या म्हणाल्या, "आणि एकच तिकीट छापा."