पेन्सिलीच्या खुणा

नव्या मास्तरांनी आमच्या गायनमंडळाला प्रामाणिक करायचं ठरवलं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की आता आपलं काही खरं नाही.

मास्तर म्हणजे निवृत्त शाळा तपासनीस. जन्मभर लोकांच्या चुका शोधल्या. तपासायला शाळा उरल्या नाहीत, तेव्हा आमच्या प्रार्थनाघराच्या ऑर्गनवर येऊन बसले. पहिल्याच तालमीला त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक पेन्सिल दिली आणि म्हणाले, "गीतांच्या वहीत ज्या ओळीवर तुमचा मनापासून विश्वास आहे, तिच्यापुढे खूण करा. खूण असेल तेवढीच ओळ गायची, बाकीच्या वेळी तोंड बंद. देवासमोर खोटं बोलायचं नाही."

आता मी पडलो कुलूपवाला. तीस वर्षं कुलपं दुरुस्त करतोय, हरवलेल्या किल्ल्या बनवून देतोय आणि दर आठवड्याला छाती फुगवून गातोय, 'दार उघडे टाकून निजतो, तूच माझा पहारेकरी.' माझ्या स्वतःच्या दाराला तीन कुलपं आहेत. पण ती ओळ मला कधी खुपली नव्हती. गाताना वाटायचं, असा निवांत झोपणारा माणूस कुठेतरी असेल, आणि गाणं चालू आहे तोवर आपण त्याच्या शेजारी उभे आहोत. हातात पेन्सिल आल्यावर मात्र पंचाईत झाली. मी ती ओळ सोडून दिली.

माझ्या शेजारी दातांचे डॉक्टर उभे राहायचे. त्यांनी 'वेदनेतही हसेन मी' पुढे खूण केली नाही. बिचारे रोज बघतात. शिवणकाम करणाऱ्या काकूंनी 'वैऱ्यालाही जवळ करीन' या ओळीवर बराच वेळ पेन्सिल धरली, मागच्या रांगेतल्या आपल्या जावेकडे एकदा वळून पाहिलं आणि पान उलटलं. महिन्याभरात आमचं गाणं इतकं प्रामाणिक झालं की ऐकवेना. एका ओळीला चार माणसं, दुसरीला दीड. 'पूर्वेला सूर्य उगवतो' एवढी एकच ओळ सगळे जीव तोडून गायचो, कारण त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. मास्तर बेहद्द खूश होते. त्यांना स्वतःला गावं लागत नव्हतं, ते ऑर्गन वाजवायचे.

मग ताईचा निरोप आला. ताई माझी मोठी बहीण. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, आणि याच गायनमंडळात छत्तीस वर्षं ती पहिल्या रांगेत उभी राहिली. दोन आठवड्यांपूर्वी हॉस्पिटलवाल्यांनी "घरी न्या, हवं ते खायला द्या" असं सांगून तिला सोडलं होतं. असं ऐकल्यावर कोणाच्या घशाखाली घास उतरतो, ते त्यांनाच ठाऊक. ताईला खायला काही नको होतं. तिला तिचं आवडतं गीत हवं होतं, चारही कडवी, तिच्या खोलीत येऊन आम्ही सगळ्यांनी म्हटलेलं. तिचा स्वतःचा आवाज केव्हाच बसला होता.

मी घरी येऊन वही उघडली. चौथं कडवं होतं, 'सुटले जरी साऱ्यांचे हात, भय नाही मज, भय नाही.' पुढे खूण नव्हती. कशी असेल? ताईचा हात सुटणार, हा विचारसुद्धा मला करवत नव्हता. मी तडक मास्तरांकडे गेलो.

"एक दिवस नियम बाजूला राहू द्या, मास्तर."

"त्या बाईंच्या अशा अवस्थेत त्यांच्याशी खोटं बोलायचं म्हणता?" त्यांनी इतक्या सात्त्विक चेहऱ्याने विचारलं की मीच माफी मागून घरी आलो. उत्तर मला रात्री जेवताना सुचलं, नेहमीसारखं.

रविवारी दुपारी आम्ही अकरा जण ताईच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिलो. मास्तरांनी इस्त्रीच्या टेबलावर छोटा कीबोर्ड मांडला. मी त्याला लागूनच, ताईच्या उशाशी होतो. पहिली दोन कडवी अडखळत, गळत पार पडली. तिसऱ्यात फक्त काकू आणि डॉक्टर उरले. चौथं सुरू झालं आणि कीबोर्ड एकटाच वाजत राहिला. दहा प्रामाणिक माणसं माना खाली घालून वह्या वाचत होती.

ताईने डोळे उघडले. "काय रे, मेलात का सगळे?"

मास्तरांनी वाजवणं थांबवून घसा साफ केला. "बाई, या ओळींवर आमच्यापैकी कोणाचाच पूर्ण विश्वास नाही. म्हणून आम्ही त्या गात नाही."

ताईने त्यांना एकदा आपादमस्तक न्याहाळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाळ्या, ह्यांना कोणी आणलं?"

मी बावन्न वर्षांचा बाळ्या तिची उशी सारखी करू लागलो.

"अहो मास्तर, माझा तरी कुठे आहे विश्वास? मला भीती वाटते. डोळे उघडले की वाटते, मिटले की जास्त वाटते. भीती नसती तर निवांत पडून राहिले असते, तुम्हाला कशाला जिने चढायला लावले असते?" तिला धाप लागली. "मला आता म्हणवत नाही. कोणीतरी म्हणा ना."

मी सुरुवात केली. माझा आवाज खर्जातला, ओळ वरच्या सुरातली. 'भय नाही मज' म्हणताना मी वही मिटून काखेत मारली. त्या क्षणी मला जितकं भय वाटत होतं तितकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि ती ओळ इतक्या मनापासूनही मी कधी गायली नव्हती. काकू सामील झाल्या, मग डॉक्टर, मग जाऊबाई.

मास्तर वाजवत नव्हते. त्यांची वही माझ्या समोरच उघडी होती. पान कोरं करकरीत, एकही खूण नाही. शेजारच्या पानावरच्या सूर्यालाही नाही.

मी माझं बोट त्यांच्या वहीतल्या त्या ओळीवर ठेवलं. तपासनीस साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गायला तोंड उघडलं. अतिशय बेसूर.

कडवं संपलं. ताईने माझी बोटं घट्ट धरली होती.

"ती ओळ वर जाते, बाळ्या. तू खालीच राहिलास," ती म्हणाली. "पुन्हा म्हण. आणि हात सोडू नकोस."

मी पुन्हा म्हटलं, 'सुटले जरी साऱ्यांचे हात.'