शरणम्माचा हार

मी भालकीची सुमनबाई. माझी पंचशीला पोरापोरींच्या नाटक-शिबिरात होती. निम्मी पोरं मराठी, निम्मी कानडी. आमच्या बाईसाहेबांना नाटकात काम मिळालं कानडी आईचं! भांडी घासताना सुदीक कानडीतून रडायची. मला वाटलं, पोरगी गेली हातची.

खेळ दुबलगुंडीत होता, संध्याकाळचा. मी लवकर जाऊन सतरंजीवर जागा धरली, तर एक जाडजूड बाई येऊन निम्मी माझ्या अंगावरच बसली. "अवो, सरका की!" म्हणलं, तर माझ्यावरच डाफरली. शरणम्मा तिचं नाव. तिचा विरुपाक्ष नाटकात माझ्या पंचशीलाचा लेक झाला होता.

खेळ रंगात आला आन् मधीच थांबला. गावच्या माणिकप्पानं माईक घेतला. लोकं हार, टॉवेल घेऊन स्टेजवर चढायले.

"कामून थांबलं वो?" मी विचारलं.

"आयेर," शरणम्मा म्हणली. "आमच्यात असंच असतंय. आपापल्या लेकराला घालायचं. तुमी काय आणलाव?"

काय आणलं, कपाळ! मला कुणी सांगितलं होतं का? आमच्याकडं टाळ्या वाजवतेत आन् घरी येतेत. एकेका पोराचा गळा भरायला लागला. माझी लेक मान खाली घालून उभी. भर गावात माझं लेकरू बिनमाणसाचं दिसायलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शरणम्मानं पिशवीतून झेंडूचा हार काढला आन् माझ्या मांडीवर टाकला. "होग्री अक्का, जावा वर."

"आन् तुमचा विरुपाक्ष?"

"जावा म्हणलं की!" ती खेकसली.

मी चढले. माणिकप्पानं नाव विचारलं.

"भालकीची सुमनबाई," मी म्हणले, "आन् दुबलगुंडीची शरणम्मा. दोघींकडून."

पंचशीलाच्या गळ्यात हार घातला. तिचे डोळे भरले. तिनं माझ्याकडं बघितलं, मग बाजूच्या विरुपाक्षाकडं. त्याच्याच गळ्यात काही नव्हतं. तिनं हार काढला, नाटकातल्या आईच्या आवाजात कानडीतून "ये लेकरा" म्हणली आन् त्याच्या गळ्यात घातला. काय शिट्ट्या पडल्या म्हणता!

खाली आले तर शरणम्मा पदरानं डोळे पुसायली. मी तिचे दोन्ही हात धरले. "लई उपकार झाले, बाई," म्हणले. 

ती जागा द्यायला सरकायली.

"आता कामून सरकायलाव?" म्हणले, आन् तिला खेटून बसले.