विटेशिवाय तळघरात

भुताच्या सिनेमातली नायिका कधी शहाण्यासारखी वागलेली पाहिली आहे का? दिवे गेले, खाली काहीतरी खुडबुडलं, की ही बया निघाली एकटी तळघरात! मागून दार लागणार, आधी एक मांजर अंगावर उडी मारणार, आणि आपण हुश्श केलं रे केलं, की मग खरं भूत. सगळं ठरलेलं. आणि या नायिका फक्त तोंड उघडायच्या. त्यांच्या किंकाळ्या मात्र सगळ्या एकाच बाईच्या. स्टुडिओत त्यांना किंकाळीबाई म्हणत. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी माइकसमोर ओरडण्यात घालवली होती, आणि त्यांना ते काम मनापासून आवडायचं.

पण एका नव्या सिनेमाच्या रेकॉर्डिंगला नव्या दिग्दर्शकाने त्यांना मध्येच थांबवलं.

"बाई, किंकाळी सुरेख आहे, पण सिनेमातली वाटते. मला खरी हवी. उद्या दुपारी बघू. नाहीच जमलं, तर दुसरी एक मुलगी आहे."

बाई तणतणतच घरी आल्या. नवरा टेबलाशी बसून कुणाचंतरी घड्याळ दुरुस्त करत होता. तोच त्याचा धंदा.

"खरी हवी म्हणे! खरं घाबरलेलं माणूस कसं ओरडतं, हे त्या टिकोजीरावाने कुठे ऐकलंय?"

"तू तरी कुठे ऐकलंयस?" नवरा डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाला.

हा माणूस एरवी तोंडातून शब्द काढायचा नाही, पण काढला की नेमका वर्मी लागायचा. बाई रात्रभर कूस बदलत राहिल्या. ती दुसरी मुलगी आली, की आपल्याला कोण विचारतंय!

सकाळी त्या उठल्या आणि खरं घाबरून बघायला थेट इमारतीच्या, त्यांच्या घराच्या बरोबर खालच्या तळघरात गेल्या. तिथल्या दाराला आतून मूठ नव्हती, म्हणून जो तो जाताना दाराला वीट लावून ठेवायचा. बाईंनीही लावली. मग त्यांच्या मनात आलं, कुठली नायिका दाराला वीट लावते? आणि त्यांनी स्वतःच्या पायाने ती वीट बाजूला सरकवली. आता बोला!

दार धाडकन लागलं. बटण दाबलं तर दिवा लागेना. फोन वर चार्जिंगला. बाईंनी दार बडवलं, आणि मग आपली ठेवणीतली किंकाळी फोडली. एक, दुसरी, तिसरी. अख्खी इमारत हादरली असेल, पण एक माणूस फिरकेल तर शपथ! वरच्या मजल्यावरच्या आजी सुनेला म्हणाल्या, "आज बाईंचा आवाज काय लागलाय गं!" रोज सकाळी रियाज ऐकून ऐकून सगळ्यांचे कान तयार झाले होते.

इतक्यात अंधारात काहीतरी ओलं, केसाळ असं बाईंच्या मानेवर पडलं.

बाईंच्या तोंडून आवाज निघाला तो एवढासा. "ईक्." उचकी लागल्यासारखा. आणि त्या मटकन खालीच बसल्या.

दार उघडलं. नवरा धापा टाकत उभा होता. एका पायात चप्पल, डोळ्यावर भिंग तसंच. उजेडात पाहिलं, तर बाईंच्या खांद्यावर खुंटीवरून निसटलेलं, फरशी पुसायचं पोतेरं.

"मघाशी एवढी बोंब मारली, तेव्हा कुठे होतात?" बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"ऐकली ना. झकास होती. म्हटलं, रियाज चाललाय."

"मग आता कसे आलात?"

"आता तू घाबरलीस."

दुपारी स्टुडिओत बाईंनी माइकसमोर तेच "ईक्" करून दाखवलं, अगदी हुबेहूब. रेकॉर्डिंगवाला हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

"बाई, ही काय थट्टा?" दिग्दर्शक वैतागला.

"ही खरी. आज सकाळचीच, ताजी. हवी तर घ्या, नाहीतर त्या मुलीला बोलवा."

दिग्दर्शकाने ती पुन्हा ऐकली. पडद्यावर नायिकेसमोर दात विचकणारं भूत, आणि वरून हे "ईक्". त्यालाही हसू आवरेना.

"नको बाई," तो कान पकडून म्हणाला. "तुमची नेहमीचीच द्या."

सिनेमा लागला तेव्हा दोघं दुपारच्या खेळाला गेली. नायिका तळघरात उतरली, दार लागलं, मांजर येऊन गेलं, आणि बाईंची किंकाळी थिएटरभर घुमली. लोक खुर्चीतून उडाले. पुढच्या बाईंची पर्स खाली पडली. किंकाळीबाईंनी मोठ्या ऐटीत शेजारी पाहिलं, तर नवरा मान मागे टाकून, डोळे मिटून स्वस्थ पडलेला.

त्यांनी कोपर मारलं. "अहो! झोपलात काय? माझी किंकाळी झाली आत्ता!"

"ऐकली ना," तो डोळे न उघडताच म्हणाला. "मजेत होतीस."